तोंडात काय गेलं?

सन्माननीय अध्यक्ष आणि बंदरावरच्या बाजाराचे प्रमुख पा शेकुबा दुम्बुया. व्यासपीठावर विराजमान असलेले 'अल्बा' या इस्पितळ-जहाजाचे कप्तान एग्गर्टसाहेब. मुख्य सर्जन डॉक्टर बोसमानबाई. आजच्या सत्कारमूर्ती आणि उद्या सकाळी जहाजाबरोबर निघणाऱ्या आमच्या दुभाष्यांच्या प्रमुख तियांगे लाहाई. फ्रीटाउनच्या या क्लाइन टाउन वस्तीतल्या माता, भगिनी आणि बंधूंनो. टोम्बो गावाहून मासळीच्या गाडीत बसून आलेल्या मंडळींनो. आणि समोर खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी उभ्या राहिलेल्या, स्वयंपाकघराच्या दिशेने कान लावून असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

मी बान्कोले कोकर. एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि गेले दहा महिने 'अल्बा'वर बिनपगारी दुभाष्याचं काम केलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. माझी बायको पहिल्या रांगेत बसली आहे आणि तिने मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आहे. तेव्हा दोन शब्द म्हणजे नेमके किती, हे ती ठरवेल.

सुरुवातीलाच एक खुलासा केला पाहिजे. तीन आठवड्यांपूर्वी याच सभागृहात, याच टेबलामागे उभं राहून मी याच जहाजाला निरोप दिला होता. चांगला दिला होता. पा शेकुबांनी कप्तानसाहेबांच्या खांद्यावर निळं कापड घातलं, बायकांनी फेर धरला, भात आणि कसावा कंदाच्या पाल्याची भाजी पातेल्याच्या तळापर्यंत संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायको धक्क्यावर रुमाल हलवायला गेलो, तर जहाज जागच्या जागी. आम्ही रुमाल हलवला. जहाजावरून लोकांनी हात हलवले. बराच वेळ असंच चाललं. शेवटी हात भरून आले म्हणून दोन्ही बाजूंनी थांबवलं. बायको म्हणाली, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "भाषण तर परत घेता येत नाही."

काय झालं होतं, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. यंत्रांना थंड पाणी पुरवणारा पंप निकामी झाला होता. जहाज अर्ध्या विजेवर उभं होतं. नवा पंप मागवला. तो पाठवणाऱ्यांनी तत्परतेने पाठवलाही, फक्त फ्रीटाउनऐवजी फ्रीपोर्टला पाठवला. फ्रीपोर्ट म्हणजे महासागराच्या पलीकडे, बहामा बेटांवर. अध्यक्षमहाराज, शाळांमधून भूगोलाचे तास कमी करत चालले आहेत, हे मी कितीदा शिक्षणखात्याला लिहून कळवलं. आता त्याचे परिणाम समुद्रावर दिसायला लागले आहेत.

पण मला विचाराल, तर त्या पंपाचे आभार मानले पाहिजेत. निघायला सज्ज असलेलं आणि न निघालेलं जहाज किती जणांनी आतून पाहिलं असेल? मला तर रोज नवं काहीतरी दिसत होतं. आत सगळं बांधलेलं होतं. खाटा जमिनीला बांधलेल्या, फ्रीज भिंतीला बांधलेला, ऑपरेशनची हत्यारं पेट्यांत आणि पेट्या एकमेकींना बांधलेल्या. वाचनालयातल्या पुस्तकांसमोर आडवी पट्टी. दंतवैद्याच्या खुर्चीला चार पट्टे, जसं काही तिचाच दात काढायचा आहे. स्वागतकक्षातल्या कुंडीलासुद्धा दोरी होती. मी मुदपाकखान्यात बटाटे सोलायला जायचो, तिथे ताटल्यांखाली ओलं फडकं घातलेलं असायचं, ताटली घसरू नये म्हणून. मी विचारलं, "अहो, धक्क्याला उभ्या जहाजात ताटली घसरणार कुठे?" आचारी म्हणाला, "ताटलीला सवय राहावी म्हणून." हे उत्तर मी अजून मनात घोळवतो आहे.

आणि माणसं? काम संपलेलं, घरी मात्र जाता येत नाही. परिचारिका पांढऱ्या चादरींच्या घड्या उलगडून पुन्हा घालत होत्या. आपण दिवसा येणारे दुभाषे तर तसे मोकळेच होतो, कुणी बोलावलंही नव्हतं. तरी सकाळी सात वाजता आपण वीसच्या वीस जण गेटवर हजर. कशाला जात होतो आपण? मी एकेकाला विचारलं. कुणी म्हणालं सवय, कुणी म्हणालं नाश्ता. तियांगे म्हणाली, "सर, जहाज इथे आहे तोवर इस्पितळही इथेच आहे, नाही का?"

आता तियांगेबद्दल बोलतो, कारण सत्कार तिचा आहे आणि मी अजून पंपापाशीच घुटमळतो आहे. ही बो गावची मुलगी. तिला आणि मला एकच रोग जडलेला आहे, चौकशीचा. फरक एवढाच, की मी एकाचं उत्तर ऐकून घ्यायच्या आधी दुसरा प्रश्न विचारतो. ती उत्तर ऐकते, थोडी थांबते आणि तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारते. माझे विद्यार्थी सांगतील, पहिला प्रकार वर्गात चालतो. इस्पितळात मात्र दुसराच लागतो.

पहिल्याच दिवशी तिने आम्हा सगळ्यांना बसवून एक गोष्ट शिकवली होती. ती आपल्या लोकांना सांगायची गरज नाही. कप्तानसाहेब आणि इतर पाहुण्यांसाठी सांगतो. इथे सगळ्यांना येणाऱ्या आमच्या बोलीत खाणं आणि जेवणं यांना शब्द एकच आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ भात. माणूस सकाळी पाव खाईल, दुपारी आंबे खाईल, मध्ये कुणी मक्याचं कणीस दिलं तर तेही खाईल, आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणेल, "आज पोटात काही नाही." आणि तो खोटं बोलत नसतो. भात पोटात गेला नाही तर ते खाणंच नव्हे. इकडे जहाजावरच्या फॉर्मवर छापलेलं असतं: मध्यरात्रीनंतर काही खाल्लं का? कारण पोट भरलेलं असताना भूल दिली, तर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं आणि माणूस टेबलावरच जातो. म्हणून तियांगे म्हणाली, "'खाल्लंत का' असं विचारायचंच नाही. विचारायचं, तोंडात काय गेलं?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर नंतर आलेल्या नव्या दुभाष्यांना हे फळ्यावर लिहून शिकवत होतो.

या पार्श्वभूमीवर आपण टोम्बोच्या रुगियातू तुराय यांच्याकडे येऊ. त्या आज इथे आल्या आहेत. तिसऱ्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत, मानेला पांढरं बँडेज. डॉक्टरबाईंनी एका तासाची परवानगी दिली आहे, त्यामुळे घड्याळाकडे बघणाऱ्या आता इथे दोघी आहेत.

रुगियातू आई बोंगा मासा धुरावून विकतात. विकायचा म्हणजे डोक्यावर मोठं पातेलं घेऊन टोम्बोच्या किनाऱ्यापासून वरच्या रस्त्यापर्यंत चढायचं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला एक गाठ आली. साधी, चरबीची, न दुखणारी. पण वाढता वाढता नारळाएवढी झाली आणि डोक्यावर पातेलं ठेवलं की मान पुढे झुकायची, पातेलं घसरायचं. दोनदा सगळा मासा वाळूत गेला. तेव्हापासून त्या भट्टीपाशी बसून मासा धुरावतात आणि वर नेऊन विकतं दुसरंच कुणीतरी. गावात लोक काय बोलतात, ते मी इथे सांगत नाही. त्या डोक्यावरून कापड घेऊन बसायच्या, एवढं सांगितलं तरी पुरे.

मार्च महिन्यात त्यांचं नाव यादीत होतं. नेमका त्या दिवशी ताप आणि खोकला. डॉक्टर म्हणाले, बऱ्या व्हा आणि या. त्या बऱ्या होऊन आल्या तेव्हा आपण इथे पहिला निरोप समारंभ उरकला होता आणि सगळी हत्यारं पेटीत गेली होती. गेटवरच्या शिपायाने सांगितलं, इस्पितळ बंद झालं. त्यांनी मान वर करून जहाजाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं मोठं दिसतंय की समोर." पातेलं उपडं घातलं आणि त्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशीही तिथेच, तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं, "आई, कशाची वाट बघताय?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाची बघताय?" मी म्हटलं, "पंपाची." "मग मीही त्याचीच बघते."

तियांगेने हे ऐकलं आणि डॉक्टरबाईंकडे गेली. तिने एकदाही विनंती केली नाही. तिने विचारायला सुरुवात केली. एका ऑपरेशनला किती हत्यारं लागतात? ती किती पेट्यांत आहेत? वरून कितव्या पेटीत? तासाभराने डॉक्टरबाई म्हणाल्या, "पोरी, तू मला पेटी उघडायला लावल्याशिवाय जाणार नाहीस." दोन दिवस खपून एक खोली पुन्हा उभी केली. गुरुवारी सकाळी आठची वेळ ठरली. तेवढ्यात बुधवारी पंप येऊन पोचला. कप्तानसाहेबांनी सांगितलं, गुरुवारी बाराला सगळी वीज बंद, शुक्रवारी रात्रीपर्यंत पंप बसवणार, शनिवारी संध्याकाळच्या भरतीला निघणार. म्हणजे या बाईसाठी गुरुवारची सकाळ. तेवढीच.

गुरुवारी सव्वाआठला रुगियातू आई गाडीवर आडव्या. डोक्यावर कागदी टोपी. फॉर्म पहाटे गेटवरच भरून झाला होता. खाल्लं का? नाही. खाली दुभाष्याची सही. भूलतज्ज्ञांनी तो वाचला, मान डोलावली. ऑपरेशनच्या खोलीचं दार दहा पावलांवर होतं. मीही गाडीबरोबर चालत होतो. आई चेष्टेत विचारत होत्या, "या टोपीत मी पावासारखी दिसते का गं?" तियांगे हसली, त्यांचा हात हातात घेतला, आणि तिला त्यांच्या नखात शेंगदाण्याचं लाल साल दिसलं.

ती म्हणाली, "आई, आज काही खाल्लं?"

"नाही गं बाई. किती जण विचारणार? मघाशी पण विचारलं."

"भात नाही, ते कळलं. तोंडात काय गेलं?"

"तोंडात? तोंडात काय जाणार! दोन तुकडे उकडलेला कसावा. मूठभर शेंगदाणे. ते काय खाणं झालं?"

"कधी?"

"आत्ता, गेटवर. उजाडताना."

हे बोलणं फक्त आम्ही तिघांनी ऐकलं होतं. डॉक्टर पुढे होत्या, भूलतज्ज्ञ हात धूत होते. तियांगे उभी राहिली, गाडी उभी राहिली. नंतर मी तिला खोदून खोदून विचारलं, त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं? ती म्हणाली, "सर, मनात आलं की दोनच तुकडे आहेत. मग म्हटलं, हा 'च' कुणी लावला? त्यांनी नव्हता लावला. मी लावला."

मंडळी, मी दहा महिने भाषांतर करत होतो. भाषांतर म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तिने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आठ तास थांबायला हवं होतं आणि वीज पावणेचार तासांत जाणार होती. गाडी फिरवली. आणि मग रुगियातू आई उठून बसल्या आणि जे ओरडल्या, ते अजून त्या लोखंडी भिंतींत घुमत असेल. "माझं ऑपरेशन खाल्लंस तू! मी कसावा खाल्ला आणि तू माझं ऑपरेशन खाल्लंस!" तियांगेने त्यांच्या डोक्यावरची कागदी टोपी तेवढी हळूच काढून घेतली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "फॉर्म कुणी भरला?" तियांगेने तो कागद घडी घालून खिशात टाकला. "दुभाष्यांकडून चूक झाली. दुभाष्यांची प्रमुख मी आहे." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

पुढचा दीड दिवस या मुलीने गेटवर काय काय ऐकून घेतलं, याला मी साक्षीदार आहे. टोम्बोच्या बायका आल्या होत्या. "आली बघा, कसावा मोजणारी!" "अगं, हिच्यासमोर थुंकी गिळू नका, डॉक्टरला सांगेल." एक जण म्हणाली, "परक्यांची झालीस, आमची नाही राहिलीस." हे शेवटचं तिला लागलं. तिचे डोळे भरले, ते मी पाहिलं. तरी ती आत जाऊन बसली नाही. शुक्रवारी दुपारी ती कप्तानसाहेबांकडे निघाली. मी मागे मागे गेलो. का गेलो, ते पुढे सांगतो.

कप्तानसाहेब, आपण हसताय, पण मला तो संवाद जसाच्या तसा सांगू द्या. आपण इंजिनाच्या खोलीबाहेर उभे होता, हातात कंदिलाएवढी बॅटरी, अंगावर तेल.

ती म्हणाली, "साहेब, पंप बसल्यावर लगेच निघणार?"

"नाही. आधी चाचणी. सहा तास यंत्रं पूर्ण चालवून बघायची."

"समुद्रात?"

"इथेच, धक्क्याला बांधून. शनिवारी सकाळी."

"म्हणजे सहा तास वीज असेल?"

"भरपूर असेल."

"मग त्या वेळात ऑपरेशन का नाही?"

"चाचणी चालू असताना ऑपरेशन करायचं नाही, असा नियम आहे."

"का बरं?"

"जहाज हललं तर टेबल हलतं."

"पण आपण तर बांधलेलो असणार."

कप्तानसाहेबांनी बॅटरी बंद केली. मग लावली. मग म्हणाले, "हा नियम समुद्रातल्या चाचणीसाठी आहे. सव्वीस वर्षं मी तो पाळतो आहे, मला कुणी हा प्रश्न विचारला नाही." मग लगेच सावरून म्हणाले, "पण त्या बाईंना एक रात्र देखरेखीखाली ठेवावं लागेल. आपण शनिवारी निघतोय." तियांगे गप्प उभी राहिली. मी आधीच सांगितलं, ती उत्तर आल्यावर थांबते. ते थांबणं फार अवघड असतं हो, समोरच्याला. शेवटी कप्तानसाहेबच म्हणाले, "सोमवारी सकाळीही भरती असते."

शनिवारी सकाळी रुगियातू आई आल्या त्या तोंडाला रुमाल बांधून. मी फॉर्म काढला, विचारलं, तोंडात काय गेलं? त्यांनी बुधवारपासून सुरुवात केली. बुधवारी भात आणि भेंडी, गुरुवारी तो सगळ्यांना ठाऊक असलेला कसावा, शुक्रवारी दुपारी भात, संध्याकाळी भात, त्यावर पाणी, मग रात्रभर काही नाही. "आणि लिहा मास्तर, पहाटे गेटवर एक माशी तोंडात गेली होती. मी थुंकून टाकली. पण अर्धी गेली असेल तर तीही लिहा." मी माशी लिहिली. डॉक्टरबाईंकडे तो कागद आहे.

दीड तासात गाठ निघाली. जहाज हललं नाही. दुपारी आई शुद्धीवर आल्या, हात मागे नेला, बँडेज चाचपलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठे ठेवलीत?" कुणाला काही कळेना. त्या म्हणाल्या, "चार वर्षं माझ्या मानगुटीवर बसली होती. सगळ्या गावाने पाहिली, मीच नाही पाहिली. दाखवा मला." डॉक्टरबाईंनी स्टीलच्या भांड्यात आणून दाखवली. आईंनी निरखून निरखून पाहिली, भांडं फिरवून मागच्या बाजूने पाहिली आणि म्हणाल्या, "हिला मी एवढी घाबरले?" तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना हसू आलं आणि डॉक्टरबाई मात्र चष्मा पुसायला लागल्या. मला त्या हसण्यात सामील होता आलं नाही.

आता, अध्यक्षमहाराज, सत्काराच्या भाषणात सत्कारमूर्तीचे गुण सांगायचे असतात. तियांगे उद्या जहाजाबरोबर आधी लास पाल्मास बंदराला आणि तिथून बांजुल बंदराला जाईल. तिथल्या दुभाष्यांना ती प्रश्न कसे विचारायचे ते शिकवील. ती धीराची आहे, हुशार आहे, सगळं खरं आहे. पण तिचा एक गुण असा आहे की तो फक्त मला माहीत आहे, आणि मी तो आज सांगितला नाही तर उद्या ते जहाज माझं गुपित घेऊन निघून जाईल. तीन दिवस मला भात गोड लागलेला नाही.

गुरुवारच्या त्या फॉर्मवरची सही माझी होती.

पहाटे मी गेटवर आईंना आणायला गेलो. मला खूप आनंद झाला होता. शेजारी बसलो आणि आपण कुणालाही विचारतो तसं विचारलं, "आई, काही खाल्लंत का?" त्या म्हणाल्या, "कुठलं खाणं, बाबा! या, बसा." आणि त्यांनी फडक्यातून कसावा काढला. दोन तुकडे त्यांनी घेतले, दोन मला दिले. वर शेंगदाणे. आम्ही गप्पा मारत ते संपवले. मग मी हात पुसले, फॉर्म काढला आणि लिहिलं: खाल्लं का? नाही. अध्यक्षमहाराज, मी खोटं लिहिलं नाही. मला खरंच वाटलं की आम्ही दोघांनी काही खाल्लेलं नाही. मला भूकही लागली होती! फळ्यावर लिहून शिकवणारा हा माणूस! त्या गाडीबरोबर चालताना, तियांगेने 'तोंडात काय गेलं' विचारलं तेव्हा माझ्या पोटात तोच कसावा होता, आणि तेव्हा कुठे मला उमगलं. ती थांबली नसती तर या बाई आज त्या खुर्चीत नसत्या, आणि त्यांना मारलेलं असतं मी.

आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. मुलीने चूक अंगावर घेतली, शिव्या खाल्ल्या, आणि मी तिच्या मागे मागे फिरलो, तोंड न उघडता. काल मी तिला विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?" मला वाटलं, ती माझ्या वयाबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्हाला घरी पाठवलं असतं, सर. मग शनिवारी त्यांच्याशी त्यांच्या घरच्या तेम्ने भाषेत कोण बोललं असतं? मला ती समजते, पण नीट बोलता येत नाही." मला लाज वाटली. आजही वाटते आहे.

काय? कोण बोलतंय? रुगियातू आई? बोला, आई. अहो, त्यांना माइक द्या कुणीतरी. असू द्या, मला ऐकू येतंय. त्या तेम्नेमध्ये बोलताहेत. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना कळावं म्हणून मी भाषांतर करतो. या वेळी नीट करतो.

आई म्हणतात: "मास्तर, मला माहीत होतं सही तुमचीच. माझ्यासमोरच केलीत."

आई म्हणतात: "तियांगेने गाडी थांबवली तेव्हा मला वाटलं, मास्तरांना सगळं ठाऊक होतं. माझं काम अडू नये म्हणून त्यांनी मुद्दाम खोटं लिहिलं. एवढा शिकलेला माणूस विसरेल कसा?"

आई म्हणतात... हं, जरा थांबा. आई म्हणतात: "म्हणून मी सगळा आरडाओरडा पोरीवर केला. तुमचं नाव कुणी विचारू नये म्हणून."

आई म्हणतात: "आज कळलं की तुम्ही नुसतेच विसरला होतात." हसा, मंडळी, हसा. पुढे ऐका. "पोरी, तुला मी फार बोलले. तू खरी होतीस. मी खोट्याला वाचवायला गेले, आणि तो खोटाही निघाला नाही."

शब्दाला शब्द सांगितलं आहे. काही गाळलं नाही, पदरचं काही घातलं नाही. तियांगे, तू तेम्ने समजतेस, चूक असेल तर सांग.

बायकोने घड्याळ परत मनगटावर चढवलं आहे. तेव्हा पा शेकुबांनी मला बोलायची संधी दिली, टोम्बोच्या मंडळींनी एवढ्या लांबून येऊन ऐकून घेतलं, डॉक्टरबाईंनी बांधलेली पेटी सोडली आणि कप्तानसाहेबांनी एक भरती सोडली, या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. तियांगे, नीट जा. पत्रं लिही. मी उत्तरात खूप प्रश्न विचारीन.

भाषणाच्या शेवटी काही चुकलंमाकलं असेल तर माफी मागायची आपल्याकडे पद्धत आहे. एकतीस वर्षं प्रत्येक समारंभात मी ते वाक्य म्हटलं आणि खाली बसलो, काय चुकलं असेल याचा विचार न करता. आज मला ठाऊक आहे काय चुकलं. रुगियातू आई, तियांगे, तुमच्या दोघींची, इथे सर्वांसमोर, मी माफी मागतो.

आई मान हलवताहेत. हो म्हणताहेत. डॉक्टरबाई, बघताय ना? आई, पुरे, पुरे, कळलं मला! मान हलवू नका, टाके कच्चे आहेत!